सुकलाल आप्पांचा पिवळा दिवा

सुकलाल आप्पा कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी चपला काढून बाजूला ठेवतात. मग आधी मालकाला तपासतात. "दिवा सकायले लागस का दुपारले? चढावर का उतारावर? तवय तुन्हा पाय कोठे व्हता?" माझ्या मेव्हण्याला तर त्यांनी आदल्या दिवशी काय जेवलास, तेही विचारलं होतं.

नवापुरात आप्पा माझ्या शेजारी राहतात. जन्मभर ट्रकांची इंजिनं खोलली. आता धंदा थांबलाय, तोंड नाही.

माझी गाडी चौदा वर्षांची. तिचा इंजिनचा पिवळा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. दोन गॅरेजवाल्यांनी मशीन लावून आकडा वाचला, सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा हजर. इकडे खांडबाऱ्याचं गिऱ्हाईक अडून बसलेलं, दिवा गेला तरच गाडी घेणार. मला ती विकून पोल्ट्रीसाठी टेम्पो घ्यायचा होता.

"मशीन आकडा सांगस, कारन नही सांगस," असं म्हणून आप्पांनी गाडी ताब्यात घेतली. त्यांची पद्धत एकच. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि रविवारी गाडी पळवून पाहायची. पहिल्या रविवारी प्लग साफ केले आणि चिंचपाड्यापर्यंत गेलो. आप्पा शेजारच्या सीटवर, नजर दिव्यावर. पुढच्या रविवारी एअर फिल्टर, खांडबाऱ्यापर्यंत. तिसऱ्या रविवारी पेट्रोल आपल्याकडचं, कारण सीमेपलीकडच्या, गुजरातच्या स्वस्त पेट्रोलवर त्यांचा संशय. वाटेत चहा, भजी आणि भंगारात गेलेल्या ट्रकांच्या गोष्टी. येताना दिवा लागायचाच. आप्पा खुशीत मान हलवायचे, "दख, तो आपलाशी बोली ऱ्हायना." माझं डोकं फिरायचं. कोंबड्या सोडून मी ह्यांना हिंडवत बसलो होतो!

असे सहा रविवार गेले. मग गिऱ्हाइकाचा निरोप आला, शनिवारी शेवटचं येतो, नाही तर दुसरी गाडी बघतो. मी तो आप्पांना ऐकवला, जरा चढ्या आवाजातच.

शुक्रवारी सकाळी आप्पा आले, चपला काढल्या आणि गाडीखाली शिरले. बाहेर येऊन बॅटरीची वायर काढून परत लावली. सगळं मिळून अर्धा तास. मी चार चकरा मारून पाहिल्या. दिवा गेला तो गेलाच.

"काय होतं, आप्पा?"

"उंदीर. तू गाडीमा कोंबड्यासनं खाद्य वाहस, मंग उंदीर येतीनच. सेन्सरनी वायर कातरेल व्हती, ती जोडी दिनी."

"कधी कळलं तुम्हाला?"

आप्पांनी हात पुसले. "दुसरा रविवारले."

मी तापलो. "आणि महिनाभर मला नाचवलंत? सांगितलं का नाही?"

"तुन्ही काकू गयी. पोरं सुरतले," आप्पा खाली बघत म्हणाले. "रविवारले घरमा कोनीच बोलस नही, भाऊ."

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. भिंतीला भिंत लागून घर आणि मला हे गाडी बिघडल्यावर कळावं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, खूश झालं आणि गाडी घेऊन गेलं. आप्पा ओट्यावरून बघत होते. मी हात केला, त्यांनीही केला.

रविवारी आठला मी मोटारसायकल बाहेर काढली. गाडी कालच गेलीय हे ठाऊक असूनही आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून ओट्यावर बसलेले होते. मी त्यांच्यासमोर थांबलो.

त्यांनी मोटारसायकलकडे पाहिलं. "हिले काय व्हयनं?"

"काही नाही झालं," मी म्हणालो. "बसा मागे."