नववीच्या जॅझ बँडाने आपला तास कसा राखिला, त्याची हकीकत

श्रीताल प्रसन्न.

तालास आदि नाही, सुरास अंत नाही आणि शाळेच्या वेळापत्रकास दयामाया नाही, हे ध्यानी आणोन ही हकीकत लिहिली असे. लिहिणार अल्पमती, रणांगण कधी पाहिले नाही, घोड्यावर बसला तो लाकडाच्या. परंतु ज्या मास्तरांची ही मोहीम, त्यांचे अंतरंग त्यास पुरते ठाऊक, कारण उभयतांचा चष्मा एक, टक्कल एक आणि उभयतांस टोकणारी बायकोही एकच. म्हणोन मास्तरांची बाजू घेतली असेल ऐसा संशय कोणी धरू नये. घेण्याजोगी बाजू शोधून पाहिली, हाती लागली नाही.

मूळ वर्तमान ऐसे जे, प्रौढप्रताप, क्लॅरिनेटधुरंधर, हजेरीपत्रकाधिपती संगीतमास्तर हे कित्येक वर्षे शाळेच्या चाकरीत संचलनाच्या धुना वाजवून घेत आले, आणि पोरे डावा-उजवा पाय टाकीत मैदानास फेऱ्या घालीत, आणि मास्तर कागदावर लिहिले तितुकेच वाजवीत, त्याहून एक सूर अधिक नाही की उणा नाही, आणि मुलखात सर्वत्र स्वस्थता होती. मग एके सकाळी मुख्याध्यापिका बाईसाहेब यांचा हुकूम सुटला की, यंदापासून नववीस जॅझ बँड आणि जॅझचा इतिहास शिकवावा, तुम्हांस येत असेलच. खरे सांगावयाचे तर मास्तरांनी जॅझ पुष्कळ ऐकिला होता आणि त्यावरचे ग्रंथ पालथे घातले होते. वाजविला मात्र कधी नव्हता. परंतु बाईसाहेबांच्या मेजासमोर मान हलली, आणि ती होकारार्थी हलली हे त्यांस जिना उतरल्यावर कळले.

मग फौज जमा केली, ती ऐशी. तोफखान्यावर, म्हणजे ड्रमवर, भिंगरी नामे मुलगी, जी जन्मापासून स्वस्थ बसली नाही. सॅक्सोफोनावर लंबू, ज्याच्या गळ्यात वाद्य खेळण्यासारखे दिसे. पियानोवर चष्मिस, जो चूक होण्याआधीच माफी मागे. आणि ट्रम्पेटावर अबोली. ही पोर शाळेत कोणत्याही तासास बोलत नसे, हजेरीसही बोट वर करी. परंतु संगीताच्या खोलीत येता दप्तर फेकून देई आणि ट्रम्पेट उचली. तिला अवघे तीन सूर धड वाजविता येत, चौथ्यावर वाद्य खोकल्यासारखा आवाज करी. बाकी शिबंदी टाळ्यांस आणि किरकोळ घंटेस होती.

पहिल्या लढाईतच सरकारी फौजेची दाणादाण उडाली. कारण या संगीतात दोन सूर सारखे चालत नाहीत. पहिला रेंगाळतो, दुसरा मागून घाईने त्यास गाठतो, आणि त्या रेंगाळण्यातच सगळी गंमत. मास्तरांनी फळ्यावर रेघा मारोन, अपूर्णांक मांडोन, हे पोरांस समजाविले, आणि पोरांनी मग जे वाजविले ते ऐकोन बाहेर मैदानात कवायतीची रांग आपोआप पाय आपटू लागली. इतुकी वर्षे संचलन शिकविल्याचे फळ मास्तरांस व्याजासह मिळाले.

तेव्हां मास्तरांनी बहुत विचार करोन एक बूट काढला. एका पायात टाच, दुसरा मोज्यावर, ऐसे ते लंगडत खोलीभर फिरले, आणि पाऊल पडे ते लांब-आखूड, लांब-आखूड, जैसे हवे तैसेच. मग पोरांसही एकेक बूट काढण्याचा हुकूम झाला, आणि खोली पुरेना म्हणोन स्वारी व्हरांड्यात निघाली, पुढे लंगडते मास्तर, मागे लंगडती फौज, मुखाने ठेका धरिला. तोच समोरून बाईसाहेबांची खाशी स्वारी आली, सोबत पाहुणे. मास्तरांनी मुजऱ्यास्तव पाय जुळविले, ते जुळले नाहीत. भिंगरी मागून म्हणाली, "सर, थांबू नका ना, आत्ता कुठे जमतंय!"

आणि खरेच जमत होते. मास्तर बहुत वर्षांनी शाळेत घंटेच्या आधी येऊ लागले.

परंतु व्हरांड्याच्या पलीकडे गणिताच्या सरांचा अंमल. ते सज्जन, मेहनती, त्यांच्या वर्गास जागा अपुरी, हे शत्रू असले तरी कबूल केले पाहिजे. त्यांनी दरबारी अर्ज गुदरला की, भिंतीपलीकडून लंगडा आवाज येतो, मुले समीकरण सोडविता सोडविता डुलतात, सबब ती खोली आणि तो तास गणितास मिळावा. बाईसाहेबांनी निवाडा दिला की, वार्षिक समारंभात बँड वाजेल. शोभला तर तास राहील, न शोभला तर खोलीसकट गणिताकडे जाईल. ही खबर फुटली, आणि त्या दिवशी अबोली तास संपला तरी खोलीतून हालली नाही, ट्रम्पेट पुसत बसली. पुसण्याजोगे त्यावर काही उरले नव्हते. मास्तरांस ते पाहोन बहुत वाईट वाटले.

इतिहासाचा तासही चालूच होता. मास्तरांनी सांगितले की, माणसे बेड्या घालोन समुद्रापार नेली, त्यांची भाषा घेतली, नावे घेतली, आणि ती राबता राबता गात राहिली. त्यांच्या नातवंडांनी टाकाऊ बाजे उचलोन प्रेतयात्रेस रडके सूर आणि परतताना नाचरे सूर वाजविले, आणि त्यातून हे संगीत उभे राहिले. हे सांगताना मास्तरांचा आवाज फाटला आणि लिहिणाराचीही थट्टा येथे थांबते. मग अबोलीने, ध्यानी मनी नसता, बोट वर केले आणि विचारिले, "सर, ते लोक मनाचं वाजवायचे, मग त्यांना कुणी आधी लिहून द्यायचं का?"

मास्तर म्हणाले, हे परीक्षेस येणार नाही.

याचे कारण मास्तरांच्या कपाटात होते. जॅझमध्ये मधोमध एकेकाने उठोन मनास येईल ते तालात वाजवावे ऐसा रिवाज, आणि पोरे मनास येईल ते वाजवितील या कल्पनेनेच मास्तरांस घाम फुटे. म्हणोन त्यांनी प्रत्येकाचे मनास येईल ते स्वहस्ते लिहोन काढिले, पाठ करावयास दिले आणि त्यास गुणही ठेविले. लंबूच्या कागदावर लिहिले, येथे डोळे मिटावेत. चष्मिसच्या कागदावर, येथे सहज हसावे. स्वतः मास्तरांनीही आपणांस एक उत्स्फूर्त तुकडा लिहोन दिला आणि तो रोज सायंकाळी घोटू लागले. अबोलीस मात्र काही दिले नाही, कारण तीन सुरांत लिहावे काय? मास्तरांचे रोजचे घोटणे ऐकोन त्यांच्या सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, मनातलं आहे ना ते? मग रोज तेच कसं येतं तुमच्या मनात?" मास्तरांनी दार लोटून घेतले.

समारंभाचा दिवस उगवला. सभागृह भरले, पुढल्या रांगेत बाईसाहेब, शेजारी गणिताचे सर, हाताची घडी घालोन. मास्तरांनी प्रथम इतिहास कथन आरंभिला, तो बाईसाहेबांनी घड्याळाकडे पाहोन आवरता घेवविला. मग मास्तर फौजेकडे वळले, ताल मोजोन देण्यास हात उचलिला, आणि काळजाची धडधड कानात वाजत होती तिच्याच गतीने ते म्हणाले, "एक दोन तीन चार!"

ही चूक बँडमास्तरांखेरीज दुसऱ्या कोणास करिता येत नाही. व्हरांड्यात लंगडत बसविलेली चाल सुटली ती बस चुकलेल्या माणसासारखी. एकदा मोजली ती गती माघारी घेता येत नाही. भिंगरी आज्ञाधारक, तिने तोफखाना त्याच गतीने सोडिला, आणि सगळी फौज जीव घेऊन तिच्यामागे. मास्तर हात खाली-वर करोन हळू, हळू ऐसे खुणावीत, ते प्रेक्षकांस नाच वाटला, आणि टाळ्या पडल्या.

मग लंबूची पाळी आली. तो उठला, डोळे मिटण्याच्या जागी डोळे मिटले, आणि उघडितो तो ताल दोन ओळी पुढे गेलेला. लंबू थांबला. चष्मिस हसण्याच्या जागी हसला आणि थांबला. उरला केवळ ड्रमचा ठेका, आणि त्यावर काहीच नाही, आणि गणिताच्या सरांनी हाताची घडी सोडिली. मास्तरांनी मनात तास, खोली, कपाट, सर्व गणिताच्या हवाली केले.

तेव्हां अबोली उभी राहिली. तिच्यापुढे कागद नव्हता. तिने एक सूर वाजविला आणि थांबली. मग दुसरा. मग पहिलाच पुन्हा, पण उशिरा, ऐसा रेंगाळत की सभागृह पुढे झुकले. ठेका धावत होता आणि ही पोर त्याच्या मधोमध घरी असल्यासारखी सावकाश चालत होती. भिंगरीने ते ऐकोन हात हलके केले. लंबूने डोळे न मिटता तिच्या तीन सुरांस तीन सुरांनी जबाब दिला, आणि चष्मिसने माफी न मागता खाली दोन पट्ट्या दाबल्या, आणि पहिल्यांदाच ते पोरांचे वाजविणे झाले, मास्तरांचे नाही. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले आणि चष्मा धुरकटला.

तोच अबोलीने ट्रम्पेट मास्तरांकडे रोखिला. पाळी त्यांची. कागद समोर होता, दिसत नव्हता. मास्तरांनी क्लॅरिनेट उचलिला आणि पहिला सूर लाविला तो साफ चुकीचा, इतुका की पुढल्या रांगेतल्या एका काकूंनी कान झाकिला. माघारी वाट नव्हती. मग त्यांनी तोच चुकीचा सूर पुन्हा लाविला, जोराने, जणू तेच मनात होते. अबोली ट्रम्पेट खाली घेऊन खळखळून हसली, आणि तिने तो सूर शोधोन, खोकल्यासकट, त्यांस परत दिला. पुढे काय वाजले ते लिहिणारास सांगवत नाही, कारण वाजविणारासही ठाऊक नाही. शेवटी सगळे एकदम थांबले, हे मात्र खरे.

टाळ्यांचा कडकडाट जाहला. गणिताच्या सरांनीही वाजविल्या, भलत्याच मात्रेवर, पण मनापासून.

मग रंगमंचामागे बाईसाहेब आल्या आणि हुकूम जाहला की, पुढल्या आठवड्यात विश्वस्त मंडळी पाहणीस येतात, त्यांच्यापुढे आज वाजले तेच, तसेच, तंतोतंत वाजवावे, म्हणजे तास कायम. पोरांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांपाशी लिहिलेले कागद होते, तेच आजचे म्हणोन पुढे केले असते तर काम फत्ते होते.

"बाई, तसंच नाही होणार," ते म्हणाले. "पुन्हा वाजवू, पण वेगळं होईल."

"वेगळं म्हणजे काय होईल?"

"ते आम्हालाही माहीत नाही, बाई."

"आणि फसलं तर?" बाईसाहेबांनी विचारिले.

"फसेलही कदाचित," मास्तरांआधी अबोलीच बोलली. "पण तुम्ही या."

बाईसाहेब तिच्याकडे वळल्या. या मुलीचा आवाज त्यांनी आजवर ऐकिला नव्हता. मग तंतोतंतची अट सोडोन शिपायास आज्ञा केली ती ऐशी की, त्या दिवशी विश्वस्तांच्या खुर्च्या मागे मांडाव्या आणि बाईसाहेबांची एक पुढे, अगदी ट्रम्पेटाजवळ.

येणेप्रमाणे नववीच्या फौजेने खोली, कपाट आणि आठवड्याचा एक तास गनिमाच्या हाती जाऊ न देता राखिला. मोहिमेत एक बूट गहाळ जाहला, तो मास्तरांचा. हे वर्तमान घडले तैसे लिहिले. पुन्हा लिहिल्यास वेगळे होईल. लेखनसीमा.