चार नंबर केंद्रातलं एक मत

डेल्बर्ट होस्टेटलरला आयुष्यात एकदाच राजकीय डाव सुचला, आणि तोही त्याचा स्वतःचा नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकलेला होता.

मे महिन्यातली गोष्ट. ओहायोतल्या मिलर्स फोर्ड गावात दोन्ही पक्षांच्या आतल्या निवडणुका होत्या. अमेरिकेच्या संसदेची, म्हणजे तिकडच्या काँग्रेसची, खरी निवडणूक नोव्हेंबरात. त्याआधी प्रत्येक पक्षाने आपापला उमेदवार ठरवायचा. वेंडेल न्हावी डेल्बर्टच्या कानामागे वस्तरा फिरवत म्हणाला, "आपल्या रिपब्लिकनांत यंदा एकच माणूस उभा आहे. त्याला मत देऊन काय उपयोग? त्यापेक्षा डेमोक्रॅटांची मतपत्रिका मागावी आणि त्यांच्यातल्या सगळ्यात बिनकामाच्या माणसाला मत द्यावं. नोव्हेंबरात आपलं काम सोपं."

"असं चालतं?"

"ज्या पक्षाची मागशील त्याची देतात. कोण विचारतंय?"

डेल्बर्ट गॅरेजची दारं दुरुस्त करायचा. दारात काय बिघडलंय ते त्याला नुसत्या आवाजावरून कळे. माणसांत काय बिघडलंय ते मात्र कुणीतरी सांगावं लागे. (बहुतेक वेळा बायको सांगे, आणि बिघाड त्याच्यातच निघे.)

ही बायको, लॉर्ना, पक्की डेमोक्रॅट. तिकडे वॉशिंग्टनमध्ये एक सभागृह एका पक्षाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, त्यामुळे काही म्हणता काही मंजूर होत नव्हतं. होस्टेटलरांच्या घरातही तीच तऱ्हा. स्वयंपाकघर आणि हीटर लॉर्नाच्या ताब्यात, गॅरेज आणि अंगण डेल्बर्टच्या. नव्या सोफ्याचा प्रस्ताव चार वर्षं अडकून पडला होता. अंगणात फरसबंदीच्या डावीकडे तिच्या पक्षाची पाटी, उजवीकडे त्याच्या.

मतदान चर्चच्या तळघरात होतं. टेबलामागच्या बाई डेल्बर्टला लहानपणापासून ओळखत. त्यांनी रिपब्लिकन मतपत्रिका उचललीच होती.

"डेमोक्रॅट द्या," डेल्बर्ट हळूच म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. "डेल्बर्ट, तब्येत बरी आहे ना रे?"

"बरी आहे."

"लॉर्नानं पाठवलंय?"

"नाही."

"म्हणजे तिला माहीतच नाही," असं म्हणून बाईंनी मतपत्रिका अशी पुढे केली, जशी एखाद्याला दारूची बाटली द्यावी.

डेमोक्रॅटांचे चार उमेदवार होते. त्यातली जॉयस टॅकेट ही परिचारिका होती. हुशार, बोलायला खमकी. लॉर्ना तिच्यासाठी सबंध हिवाळा बर्फातून दारोदार फिरली होती. सगळ्यात खाली होता कॉर्लिस प्यू, शाळेचा निवृत्त बँडमास्तर. वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढेमागे करायची पद्धत बंद करावी, एवढाच त्याचा मुद्दा होता. डेल्बर्टने त्याच्या नावापुढचा गोल भरला आणि तोंड दाबून हसत घरी आला.

पुढे झालं असं, की बाकी तिघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि कॉर्लिस प्यू थोड्या मतांनी पक्षाचा उमेदवार ठरला. लॉर्ना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जॉयसची पाटी काढली, तळघरात नेऊन उभी केली आणि तिच्यावर चादर टाकली. डेल्बर्टचं हसू तिथंच बंद झालं. आपल्या एका मतानं काही झालेलं नाही, हे त्यानं स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. लॉर्नाला मात्र एकदाही सांगितलं नाही.

सप्टेंबरात लॉर्ना अचानक चांगली वागायला लागली.

एका संध्याकाळी तिनं त्याच्या ताटात बटाट्याच्या लगद्यावर चिकन नूडल्स दुप्पट वाढल्या आणि विचारलं, "पाठ कशी आहे तुझी?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न तिनं विचारला नव्हता. डॉक्टरांचा फोन आला असेल आणि ती सांगत नसेल, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, हिनं ट्रक कुठंतरी ठोकलाय. त्यानं ट्रकभोवती तीन फेऱ्या मारल्या, एकदा खाली सरपटूनही पाहिलं. ट्रक धडधाकट होता. त्यामुळे संशय आणखी वाढला.

पुढच्या आठवड्यात तिनं सोफा मंजूर केला, त्याच्या आवडीच्या रंगाचा. ती दबक्या आवाजात बहिणीशी फोनवर बोले, आणि तो खोलीत आला की "मग सांगते" म्हणून फोन ठेवून त्याच्याकडे बघून हसे. (हे हसणं फार वाईट. रागावलेली लॉर्ना त्याला सवयीची होती.)

आणि एका सकाळी अंगणातली त्याची पाटी नाहीशी झाली.

डेल्बर्टनं नवी पाटी लावली आणि समोरच्या मेपलच्या झाडाला शिकारीचा कॅमेरा बांधला, हरणं टिपायचा. तीन दिवसांनी ती पाटीही गेली. कॅमेऱ्यात एक खार, एक रॅकून आणि कॅमेरा चालू आहे का हे जवळून बघणाऱ्या डेल्बर्टची अकरा छायाचित्रं निघाली. शेवटच्या छायाचित्रात सकाळी सव्वासहाला लॉर्ना गाऊनमध्ये उभी होती. तिनं पाटी उपटली होती आणि गाऊनच्या टोकानं तिच्यावरचा चिखल पुसत होती.

त्या पुसण्यानं तो हादरला. चोर कधी पुसत बसतो का?

नाश्त्याच्या वेळी त्यानं छायाचित्र टेबलावर ठेवलं. "हे काय आहे?"

"मी आहे. गाऊन विटलाय जरा."

"माझी पाटी का काढलीस?"

लॉर्ना उठली, पाककृतींच्या खणातून कागद काढून आणला आणि त्याच्यापुढे सरकवला. "पक्षानं घरोघरी जायला आपल्या गल्लीची यादी दिली. आपलं घर वाच."

डेल्बर्टनं वाचलं. लॉर्ना होस्टेटलर, डेमोक्रॅट. डेल्बर्ट होस्टेटलर, वय अठ्ठावन्न, डेमोक्रॅट.

"मतदान गुप्त असतं ना?" त्यानं विचारलं.

"मत कुणाला दिलंस ते गुप्त. मतपत्रिका कुठल्या पक्षाची मागितलीस ते सगळ्यांना बघता येतं. इतकी वर्षं मतदान करतोस, तुला ठाऊक नाही?" मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "तू जॉयसला मत दिलंस. मी फिरत होते म्हणून. आणि बोलला नाहीस. पाटी काढायची तुला लाज वाटत असणार, म्हणून मीच काढली."

डेल्बर्टच्या तोंडात पॅनकेक होता. तो गिळून खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलंही होतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि पॅनकेक काही संपेना. शेवटी तो म्हणाला, "हं."

त्या दिवसापासून त्याला घरात सुखानं बसता येईना. प्रत्येक नूडल त्याच्या घशात अडकू लागली. हिला कळलं तर? मत कुणाला दिलं ते कुठंच लिहिलेलं नसतं, एवढाच त्याला आधार होता.

ऑक्टोबरात लॉर्नानं पक्षाच्या पाचसहा कार्यकर्त्यांना आणि उमेदवाराला जेवायला बोलावलं. जॉयस नाही तर नाही, पक्षाचं काम तर करायला हवं. कॉर्लिस प्यू उंच, वाकलेला आणि इतका भला माणूस निघाला, की डेल्बर्टला त्याच्याकडे बघवेना. जेवणं चालू असताना त्यानं खिशातून कागद काढला.

"मी एका माणसाला शोधतोय," तो म्हणाला. "निवडणूक कार्यालयात केंद्रांप्रमाणे आकडे मिळतात. तुमच्या चार नंबर केंद्रात जॉयसला तीस मतं. मला एक. बाकी दोघांना शून्य. बँडमध्ये एक माणूस वेगळं वाजवत असला की मला झोप येत नाही. कोण असेल तो? भेटून आभार मानायचेत."

लॉर्ना हसत बोटं मोजायला लागली. "आमच्या केंद्रावर आमची एकतीसच माणसं. मी धरून तीस तर मीच गोळा केली होती, आणि ती सगळी..."

बोटं थांबली. हसूही थांबलं. तिनं डेल्बर्टकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"मला तो घड्याळाचा मुद्दा पटला," डेल्बर्ट म्हणाला.

कॉर्लिसचा चेहरा उजळला. "खरंच?"

"डेल्बर्ट," लॉर्ना शांतपणे म्हणाली, "आपल्या ओव्हनचं घड्याळ मार्चपासून तासभर मागे आहे. तू त्याच्याकडे एकदा मान वळवून पाहिलं नाहीस."

काटे खाली ठेवल्याचे आवाज आले. डेल्बर्टनं आपल्या ताटाकडे पाहिलं आणि ताटालाच सांगितलं, "हे हरतील असं वाटलं. म्हणून दिलं. वेंडेल न्हावी म्हणाला होता."

मग कॉर्लिसनं घसा साफ केला. "माझ्या बायकोलाही तसंच वाटलं होतं. तिनं जॉयसला दिलं. तुम्ही निदान मला तरी दिलंत."

लॉर्ना उठली. तिनं डेल्बर्टपुढचं भरलेलं ताट उचललं आणि कॉर्लिसपुढे ठेवलं. "सबंध हिवाळा मी जॉयससाठी फिरले," ती नवऱ्याला म्हणाली. "यांना तू आणलंस. आता यांच्यासाठी तू फिरायचं. दर शनिवारी. आणि लोकांनी विचारलं तर खरं तेच सांगायचं."

डेल्बर्ट फिरला. नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं. रिपब्लिकन घरांची दारं उघडत, माणसं आधी कॉर्लिसकडे बघत, मग डेल्बर्टकडे, आणि डोळे बारीक करत.

"तुला काय झालंय रे? कुणी पैसे दिलेत का?"

"नाही. मी यांना मत दिलं, हरतील म्हणून. बायकोनं पकडलं. ही शिक्षा आहे." मग तो प्रामाणिकपणे पुढे म्हणे, "माणूस वाईट नाही पण. आणि तुमच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग गेलीय, आवाजावरून कळतंय."

लोक हसत. बायकांना तर हे सगळं पहिल्यापासून ऐकायचं असे. डेल्बर्ट स्प्रिंग बसवीपर्यंत कॉर्लिस आत बसून कॉफी पिई आणि मुलांचे बेसूर ट्रम्पेट सुरात लावून देई.

नोव्हेंबरात डेल्बर्टनं नेहमीसारखं आपल्या पक्षाला मत दिलं, आणि या वेळी तसं घरी आधी सांगून दिलं. लॉर्ना फक्त "बरं" म्हणाली होती.

दोन दिवसांनी ती पेपर घेऊन बसली. डेल्बर्ट दारातच उभा राहिला.

"हरला कॉर्लिस," ती म्हणाली. "मोठ्या फरकानं. तुझा डाव साधला."

डेल्बर्टनं आनंद करून पाहिला. होईना.

"केंद्रांप्रमाणे आकडेही दिलेत," लॉर्ना बोट खाली नेत म्हणाली. "सबंध मतदारसंघात तो एकाच केंद्रावर पुढे आहे. चार नंबर. अकरा मतांनी. माझी आई सांगायची, तिच्या आठवणीत तिथं आमचं कुणी कधी पुढे गेलं नाही."

डेल्बर्ट खाली बसला. सगळ्या दारांचा हिशेब त्याच्या डोळ्यांपुढून गेला. त्यानं बसवलेल्या स्प्रिंगाही जवळजवळ तेवढ्याच होत्या.

लॉर्नानं पेपरची घडी घातली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे," ती म्हणाली. "तू पाडायला निघालास की चार नंबरात मतं वाढतात. त्या खेपेला जॉयसला पाडायचं ठरव."