दानशूर अस्वल आणि टिटवीचे तीन शब्द

एका जंगलात एक वड होता आणि त्या वडावर वायफायचा डबा होता. जंगलात वायफाय कसं आलं, ते विचारू नका. सिंहमहाराजांनी आणलं, फीत कापली, भाषण केलं आणि ते झोपायला गेले. राजेलोक एवढंच करतात, आणि तेवढं केलं तरी खूप झालं म्हणायचं.

डबा एकच, पण सगळ्यांना पुरायचा. माकडं एकमेकांना सूर्योदयाची चित्रं आणि 'शुभ सकाळ' पाठवायची. हरणं कुठल्या माळावर गवत कोवळं आहे ते कळवायची. कासव काहीच पाठवायचं नाही. काय पाठवावं हे ठरवण्यातच त्याचा आठवडा जायचा.

आणि एक होती टिटवी. नदीच्या पात्रात वाळूचं एक बेट होतं, तिथं तिचं घर. घर म्हणजे चार खडे आणि हिंमत. तिला नुकतीच चार पिल्लं झाली होती. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच धावतात, पण उडायला त्यांना महिना तरी लागतो. बेटावर कोल्हा येत नसे, ही सोय होती. गैरसोय एवढीच, की नदीच्या वरच्या अंगाला धरण होतं, आणि त्याचे दरवाजे कधीही उघडत.

धरणाच्या भिंतीवर टिटवीचा मानलेला भाऊ खंड्या बसायचा. तो रोज सूर्य उगवला की तिला निरोप पाठवायचा. दरवाजे बंद असले तर एकच शब्द : 'निवांत'. उघडले तर तीन शब्द : 'पाणी सुटलं, पळ'. पाणी बेटापर्यंत यायला तासभर लागे. तेवढ्यात पिल्लांना घेऊन काठ गाठता येई.

टिटवी मोबाइल कुठं ठेवते, असं जो विचारील त्याला मी वर्गाबाहेर काढीन.

तर सगळं सुरळीत चाललं होतं. मग अस्वलअण्णांना सिनेमांचा नाद लागला.

अण्णा आधी नुसते बघायचे. मग साठवायला लागले. मग वाटायला लागले. सात डोंगरांपलीकडच्या अस्वलांशी त्यांनी संधान बांधलं. तुझ्याकडचा सिनेमा मला, माझ्याकडचा तुला. एकाकडून एक तुकडा घ्यायचा, दुसऱ्याला दुसरा द्यायचा. मगरींच्या कुस्त्या, मधाची पोळी कशी उतरवावी याचे अठरा भाग, कुणाकुणाच्या लग्नांची पाच-पाच तासांची चित्रणं. त्यातला नवरा अण्णांना ठाऊक नसे, नवरीही ठाऊक नसे. तरी ते मनापासून वाटत.

डबा मात्र तोच होता. तो तापायला लागला. एके दिवशी 'निवांत' आला तो जेवणं झाल्यावर. आणखी एके दिवशी 'पाणी सुटलं, पळ' आलं, तेव्हा पाणी पिल्लांच्या पोटाला लागलं होतं. पिल्लं कशीबशी निघाली. धाकटं दोन गटांगळ्या खाऊन आलं. त्या दिवशी टिटवी फार घाबरली. मुलांनो, आई घाबरली की ती सरळ राजाकडे जाते.

दरबार भरला.

"महाराज," टिटवी म्हणाली, "अण्णांच्या सिनेमांनी वाट भरून जाते. माझा निरोप अडकतो. अशानं माझी पिल्लं बुडतील."

अण्णा उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

"मी स्वतःसाठी काही करतो का, महाराज? मी वाटतो! आपल्या आयांनी आपल्याला काय शिकवलं? वाटून खा. आता ते विसरू म्हणता?"

टाळ्या पडल्या. हरणांनी डोळे पुसले. टिटवीची पंचाईत झाली, कारण तिच्याही आईनं तिला हेच शिकवलं होतं.

महाराजांनी एक डोळा उघडला. "वाटणं चांगलं. बुडणं वाईट. मध्यममार्ग काढा," असं म्हणून त्यांनी कासवाला डब्याचा पाटकरी नेमलं.

पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी द्यायचं ते बघणारा माणूस. कासव साठ वर्षं कालव्यात राहिलेलं, त्यामुळे त्याला ही विद्या बघून बघून येत होती. शिवाय ते प्रामाणिक होतं. प्रामाणिक अधिकाऱ्याचं भय कसं असतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

कासवानं पहिला नियम केला. जे पाठवायचं त्याची सारख्या मापाची पुडकी बांधायची. प्रत्येक पुडकं रांगेत लागेल, आणि सगळी पुडकी समान.

अण्णांच्या एका सिनेमाची झाली दहा हजार पुडकी. टिटवीच्या निरोपाचं झालं एक.

"अहो कासवभाऊ, हा कुठला न्याय? त्यांची दहा हजार, माझं एक!"

"ताई, तुमचं एकही मी डावललेलं नाही," कासव म्हणालं. "दाखवा डावललेलं."

मग त्यानं दुसरा नियम केला. ज्याचं काम तातडीचं, त्यानं पुडक्यावर पळसाचं फूल लावावं. फूलवाला पुढे जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रानातल्या पळसांवर एक फूल उरलं नाही. अण्णा म्हणाले, लग्नाचं चित्रण आहे, वेळेत पोचायला नको? माकडं म्हणाली, 'शुभ सकाळ' दुपारी पोचून काय उपयोग? माकडांचं म्हणणं खोडून काढणं कासवाला जमलं नाही. मलाही जमलेलं नाही.

"भाऊ, सोपं आहे," टिटवी काकुळतीला येऊन म्हणाली. "जो वाट फार अडवतो त्याला जरा मागं उभं करा. इवलेसे निरोप आधी जाऊ द्या. अण्णांचा सिनेमा घटकाभर उशिरा पोचला तर कुणी मरत नाही."

कासवानं मान आत ओढून घेतली. आतूनच ते म्हणालं, "दात्याला मागं उभं करू? सात डोंगरांपलीकडचे काय म्हणतील?"

आणि मग ती सकाळ उजाडली. सूर्य वर आला, निरोप आला नाही. टिटवीनं वाट पाहिली, पिल्लांना दटावून एका जागी बसवलं आणि ती वडाकडे झेपावली.

"कासवभाऊ, माझा निरोप?"

"आलाय की. दिसतोय मला. चार हजार दोनशे बारावा नंबर."

"काय लिहिलंय?"

"दुसऱ्याचं पत्र वाचणं नियमात बसत नाही."

"मग द्या ना मला!"

"नंबर लागला की देणारच. मी कुणाचं ठेवून घेत नाही."

टिटवीला रडू फुटणार होतं. पण रडायला वेळ कुठला? तिनं विचारलं, "भाऊ, निरोप केवढा आहे, एवढं तरी सांगता येईल?"

कासवानं मनातल्या मनात सगळे नियम तपासले. त्यात बराच वेळ गेला. "आकार सांगायला हरकत नाही," ते म्हणालं. "तीन शब्दांएवढा."

टिटवी वाक्य पुरं व्हायच्या आत उडाली होती.

पाणी चारी बाजूंनी बेटावर चढत होतं. ओरडून, ढकलून, चोचीनं टोचून तिनं चारही पिल्लं काठाला आणली. धाकटं दोनदा बुडालं आणि दोनदा वर आलं. शेवटचं पिल्लू काठावर चढलं आणि मागं बेट दिसेनासं झालं. मला तर सांगताना अजून धडधडतं.

संध्याकाळी निरोप पोचला : 'पाणी सुटलं, पळ'. कासवानं वडाच्या सालीवर कोरलं, 'निरोप पोचता केला. तक्रार निकाली.'

अण्णा त्या वेळी काठावरच होते, मासे धरायला आलेले. त्यांनी सगळा प्रसंग मोबाइलवर टिपला. टिपताना ते हुंदके देत होते, म्हणून चित्र थोडं हललंय. "अशी माया, असं धाडस," अण्णा म्हणाले, "एकट्यानं बघायचं? छे! वाटलं पाहिजे!"

आणि त्यांनी वाटलं. सात डोंगर रडले. मग त्यापलीकडच्या सात डोंगरांनी मागणी केली.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं. पिल्लं काठावरच होती, कोल्ह्याच्या वाटेवर. 'निवांत' आला की त्यांना घेऊन बेटावर परतायचं होतं. टिटवी वडाखाली गेली.

"माझा निरोप?"

"आलाय. एकतीस हजारावा."

"एवढं पुढं आहे तरी काय?"

"अण्णांचा नवा सिनेमा. तो सगळ्यांसाठी आहे, म्हणून सांगायला हरकत नाही," कासव कौतुकानं म्हणालं. "तुमचीच पिल्लं आहेत, ताई. आत्ता धाकटं बुडतं ना, तो तुकडा निघालाय. फार मागणी आहे हो त्याला."

तात्पर्य : मुलांनो, मोजकं बोलण्याची सवय वाईट. तीन शब्दांत जीव वाचवू पाहणाऱ्यानं रांगेत उभं राहावं आणि तीन तास बुडणं दाखवणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, कारण तो वाटून खातो.