खुन्याच्या अंगावरचा कोट

लाँड्रीवाल्या काकूंच्या धाकट्याला मुळात वळणच नव्हतं. ओला टॉवेल पलंगावर टाकेल, चांगली लागलेली नोकरी सोडून येईल आणि वर विचारेल, "आई, जेवायला काय आहे?" हे सगळं काकूंनी सोसलं. पण ज्या घरानं जुन्याचं नवं करून पोट भरलं, त्याच घरात जन्मून हा मुलगा नव्याचं जुनं करायला निघाला, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

धाकटा सिनेमा काढत होता. एक मुखवटेवाला खुनी लाँड्रीत येणाऱ्या गिऱ्हाइकांना एकेक करून कात्रीनं भोसकतो, एवढीच गोष्ट. पण ती बापाच्या तरुणपणातली वाटायला हवी, हा हट्ट. त्यासाठी चित्रावर मुद्दाम ओरखडे पाडायचे, रंग विटवायचे, आवाज घोगरा करायचा.

"अरे, चांगलं स्वच्छ दिसतंय तर ओरखडे कशाला?"

"जुन्या भीतीची मजा वेगळी असते, आई."

"भीतीच बघायची तर माझ्या तोंडाकडे बघ. तू नोकरी सोडल्यापासून दुसरं काही नाही तिथं."

पैशांच्या नावानं बोंब असल्यामुळे सगळं घरातच उरकायचं होतं. खुनी केला होता थोरल्याला. मुखवटा घातल्यावर त्याला बोलायचं नव्हतं आणि एरवीही तो बोलत नसे. सून किंचाळायला होती. त्या कामाचा तिला सराव होता, असं काकूंचं मत. दुकानाला सुट्टी असली की काकू बहिणीकडे जात. त्या गेल्या, की इस्त्रीच्या टेबलावर माणसं मरायला लागत.

एका सुट्टीला बहिणीशी वाजलं आणि काकू दुपारीच परतल्या. मागच्या खोलीत दोरीवर बेकरीवाल्याचा लग्नातला कोट टांगलेला होता. मोतिया रंग, हातभर रुंद कॉलर. वर्षातून एकदा तो धुवायला यायचा आणि लेकरासारखा सांभाळून परत जायचा. आता त्याच्या छातीवर लालभडक ओघळ होते आणि खिशापाशी कात्रीचं भोक. शेजारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा निळा रेशमी स्कार्फ पिळून पडला होता. तोही लाल.

काकूंनी कोटाची बाही उचलून धरली.

"हे काय?"

"असले कपडे आता मिळतात कुठं, आई?" धाकटा म्हणाला. "आणि आपल्याकडे आयते येतात."

"आयते? अरे, लोकांचे आहेत ते! आणि हे लाल कसलं?"

"साखरेचा पाक, खायचा रंग आणि थोडा डिंक. चिकटून राहायला हवं ना रक्त."

"डिंक!" काकू मटकन स्टुलावर बसल्या. रक्ताचं त्यांना काही वाटलं नसतं. "लोकरीवर डिंक घातलास, मेल्या?"

नवरा गेल्यावर हे दुकान काकूंनी एकटीनं तारलं होतं. दुकान चाललं होतं ते एका शब्दावर. इथं टाकलेला कपडा दुसऱ्याच्या अंगाला लागणार नाही, हा तो शब्द. गावभर लाँड्र्या होत्या, पण बायका नवऱ्याला बजावायच्या, "काकूंकडेच टाका." तो शब्द आता दोरीवर ठिबकत होता.

काकू आणि सून खाली मान घालून कामाला लागल्या. स्कार्फचा लाल पहिल्या धुण्यातच गेला. कोट भिजवला, चोळला, पुन्हा भिजवला. डिंक सुटला तर रंग सुटेना, रंग सुटला तर ओघळाची कड दिसायची. काकूंची बोटं सुजली. भोक त्यांनी असं रफू केलं, की शेवटी त्यांनाच ते सापडेना. बेकरीवाला कोट न्यायला आला तेव्हा त्यांनी तो खिशाची बाजू आत घडी घालून पुढं केला.

"काकू, लग्नात होता त्याच्याहून नवा केलात की!" तो म्हणाला.

काकू हसल्या. मेलेलं मढं पुरून आलेला माणूस हसेल तसं.

पण मढं पुरलं गेलं नव्हतं. धुतलेल्या प्रत्येक कपड्याला धाकट्यानं टाचणीनं आमंत्रण लावून दिलं होतं. रविवारी सकाळी थिएटरात पहिला खेळ, सहकुटुंब येण्याचे करावे.

"गिऱ्हाइकांनाच बोलावलंस?"

"दुसरं कोण ओळखतं मला? आणि लोक आले नाहीत, तर थिएटरवाला पुन्हा दारात उभं करणार नाही."

"मग तो कोट तेवढा काढून टाक सिनेमातून."

"खुन्यानं घातलाय तो, आई. कोट काढला तर नुसता मुखवटा हवेत तरंगेल."

"तरंगू दे! भुताचा सिनेमा म्हणून सांग."

धाकट्यानं ऐकलं नाही. काकूंनी मग देवाकडे वीज जाण्याचं साकडं घातलं. रविवारी दिवे लख्ख होते. देवही त्या दिवशी उधारीच्या गिऱ्हाइकासारखाच वागला, ऐकून घेतलं आणि फिरकला नाही.

बेकरीवाला पहिल्या रांगेत बसला होता, बायकोसोबत आणि कोट घालून. एवढा नवा दिसतोय तर कुठंतरी घालायलाच हवा, असं बायकोनं म्हटलं होतं. त्याच्यामागं मुख्याध्यापिकाबाई, गळ्यात निळा स्कार्फ. काकू सगळ्यांत मागं, दाराच्या जवळ.

पहिला अर्धा सिनेमा खुन्याचे नुसते बूटच दिसत होते. थोरला बदकासारखा चालायचा. लोकांना हसू येऊ लागलं. सून किंचाळली तेव्हा कुणीतरी शीळ घातली. धाकट्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं. पोराचं पडलेलं तोंड बघून काकूंचं काळीज एकदा हललं, पण लगेच त्यांनी ते आवरलं. 'हसा रे, मेल्यांनो,' त्या मनात म्हणाल्या, 'हसत हसत घरी जा.'

तेवढ्यात पडद्यावर दिवा लागला आणि खुनी अख्खा उभा राहिला.

बेकरीवाल्यानं पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बाहीकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "त्याची कॉलर बघा."

तोवर सुनेनं कात्री उचलून खुन्याच्या खिशात खुपसली होती. बेकरीवाला छाती धरून असा ओरडला, की बाहेर तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस आत धावला. पुढच्याच क्षणी पडद्यावर निळ्या स्कार्फनं एकाचा गळा आवळला गेला. बाईंनी गळ्यातला स्कार्फ साप झटकावा तसा झटकला. तो पुढच्या टकलावर पडला. तो माणूस किंचाळला, कशाला ते त्यालाही कळलं नसेल. मग कुणीतरी म्हणालं, "माझे शर्टही काकूंकडेच असतात!" आणि अख्खं थिएटर उभं राहून आपापले कपडे चाचपत ओरडू लागलं.

काकू दारातून निसटल्या. घरी जाऊन त्यांनी दुकानाच्या किल्ल्या देवापुढे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दुकान उघडून बसल्या, ते शिव्या खायला. माफीची दोन वाक्यं पाठ केली होती. बेकरीवाला आला तोच कोट हातात घेऊन. त्यानं तो टेबलावर आपटला.

"काकू, हे काय केलंत तुम्ही?"

"चुकलं हो आमचं," काकू म्हणाल्या. माफी मागायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. दुसरं वाक्य आलंच नाही.

"चुकलं म्हणजे? डाग कुठाय?"

"कुठला डाग?"

"रक्ताचा! असं किंचाळणारं पब्लिक थिएटरवाल्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आठवडाभर खेळ लावलाय त्यानं. मी दारात उभा राहणार आहे हा कोट घालून. पण लोक म्हणतात, हा तो नव्हेच, हा तर कोरा आहे. परत घाला डाग. आणि ते भोकही उसवा."

त्याच्यामागं मुख्याध्यापिकाबाई स्कार्फ घेऊन उभ्या होत्या. "माझं आधी करा," त्या म्हणाल्या. "मी शिकवलेली सगळी मुलं येणार आहेत बघायला." त्यांच्यामागं दातांचे डॉक्टर फुगून उभे होते. त्यांचे कपडे सिनेमात घेतलेच नव्हते. "आमच्या विजारीत काय वाईट होतं? आम्ही दुसरी लाँड्री बघू."

धाकटा पाकाचं पातेलं घेऊन मागच्या दारात उभा होता. हसून त्याचं तोंड कानापर्यंत फाटलं होतं.

काकूंनी कोट जवळ ओढला. आपलंच रफू बोटांनी चाचपून शोधलं. मग धाकट्याकडे वळून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या,

"तुझ्या सिनेमात एवढी माणसं मेली, मला एकाचंही काही वाटलं नाही. कोटानं काम केलं, बाकी कुणाला काही जमलं नाही. खरा खून तू इथं केलास, तुझ्या आईचा. आता ये पुढं, आणि तो पाक नीट ढवळून दे. गुठळी राहिली तर डाग खोटा दिसेल, आणि नाव माझं जाईल."