न विकलेल्या गाडीची पूजा

बालाजी केंद्रेला नोकरी मिळाली ती गाड्या न विकण्याची. ऐकायला आरामाची वाटते, पण ज्या माणसाने अहमदपुरात उमेदीची सगळी वर्षं ट्रॅक्टर विकण्यात घालवली त्याच्या जिवाचं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

झालं असं, की एका नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या कंपनीने कतारमध्ये, दोह्यातल्या एका मॉलमध्ये काचेचं दुकान थाटलं. कंपनी म्हणे, आम्ही गिऱ्हाइकाला थेट विकणार. एक जुना एजंट म्हणे, इथं विकायचं तर आमच्यामार्फत. भांडण कोर्टात गेलं आणि निकाल लागेस्तोवर गाडी नुसती दाखवायची असं ठरलं. किंमत सांगायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही. मॅनेजर रिफत मॅडम महाडच्या. त्यांनी बालाजीला पहिल्याच दिवशी बजावलं, "तुमच्या हातून एक जरी गाडी विकली गेली ना, तर केसही जाईल आणि तुम्हीही जाल."

बालाजीला जाऊन चालणार नव्हतं. दोह्याच्या अल मुंतझा भागात त्याने एका खोलीचं घर भाड्याने घेतलं होतं आणि गावाकडे बायको, निशिगंधा, व्हिसाची वाट बघत बॅग भरून बसली होती.

दोह्यातच एसी दुरुस्तीचं दुकान चालवणारा बीडचा मच्छिंद्र दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, यायचा.

"केवढ्याला आहे हो ही?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेसुद्धा नाही."

"मग तुम्ही इथं काय करायलाव?"

या प्रश्नाचं उत्तर बालाजीलाही हवंच होतं.

मच्छिंद्रला वाटलं, गडी मुरलेला आहे, भाव खातोय. पुढच्या शुक्रवारी तो बायकोला घेऊन आला. बबीताने गाडीभोवती एक चक्कर मारली, पर्स उघडली आणि बॉनेटवर सरळ हळदीकुंकू वाहिलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ गार्डने दारातच काढून घेतला होता, तेवढंच नशीब.

"वहिनी, ही विकायची नाही हो," बालाजी रडकुंडीला आला.

"असू द्या की भाऊजी. आम्ही कुठं घरी न्यायलोत? नवी वस्तू दिसली, हात जोडले. एक फोटो काढू द्या, आईला पाठवते."

फोटो म्हटल्यावर बालाजीचं डोकं बंद पडलं आणि हात चालू झाले. ट्रॅक्टरच्या दुकानात पूजा झाली की फोटो, आणि फोटोत नव्या मालकाच्या हाती किल्ली द्यायचीच. त्याने ड्रॉवरमधून किल्ली काढली, मच्छिंद्रच्या हातात ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसला. बबीताने भरवलेला पेढाही खाल्ला.

फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत निम्म्या दोह्याने मच्छिंद्रचं अभिनंदन केलं आणि आठवडा उलटायच्या आत एजंटाच्या वकिलाने तो फोटो कोर्टात दाखल केला. म्हणे कंपनी चोरून विकते.

"मी विकली नाही मॅडम. गाडी इथंच उभी आहे."

"ते म्हणतात ही नुसती नमुन्याची, मच्छिंद्रची गाडी गोदामातून गेली. किल्ली का दिलीत? आणि फोटोत तोंडात काय आहे तुमच्या?"

"पेढा."

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. कंपनीच्या वकिलाला एकच वाट दिसत होती. हा माणूस गाडी विकूच शकत नाही, हे न्यायाधीशांना पटवायचं.

साक्षीला मच्छिंद्रला आणलं. आपल्यामुळे गडी अडकला या विचाराने तो तळमळत होता, त्यामुळे जीव तोडून बोलला. "साहेब, याला विकता येतच नाही. मी घ्यायला आलोय आणि हा तोंड फिरवतोय. किंमत विचारली की याला घाम फुटतोय. असला सेल्समन मी जन्मात बघितला नाही." दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. न्यायाधीशांनी बालाजीकडे कणवेने बघितलं.

मग बालाजीला शपथेवर विचारलं. दुष्काळाच्या वर्षीसुद्धा ट्रॅक्टर खपवणारा माणूस तो. त्याच्या डोळ्यांपुढे निशिगंधाची भरलेली बॅग आली.

"खरं आहे," तो म्हणाला. "मला विकता येत नाही."

त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती. पण फोटो बाद झाला, नोकरी वाचली, निशिगंधा आली. आणि तिच्यामागोमाग निकाल आला. कंपनी जिंकली, थेट विक्रीला मोकळीक मिळाली.

त्या दिवशी बालाजी नवा टाय लावून निघाला. नवरा पहिली गाडी विकताना बघायला निशिगंधाही हौसेने बरोबर आली आणि काचेबाहेर उभी राहिली. आत रिफत मॅडमनी त्याला बसायला सांगितलं.

"बालाजी, आता आपल्याला विकणारी माणसं लागणार."

"तेच म्हणतोय मॅडम. आत्ताच सुरू करतो."

मॅडमनी समोरची फाइल पुढे सरकवली. "वरच्यांनी कोर्टातलं सगळं वाचलंय. तुम्हाला विकता येत नाही, असं तुम्हीच शपथेवर सांगितलंत."

"ते नोकरी वाचवायला बोललो हो."

"मग मी त्यांना काय कळवू? आमच्या माणसाने खोटी शपथ घेतली म्हणून?"

बालाजीने खूप विचार केला. दोन्हीकडून तोच बाहेर पडत होता. तो उठला आणि काचेचं दार ढकलून निशिगंधापाशी आला.

तिने त्याच्या टायची गाठ नीट केली आणि कौतुकाने विचारलं, "एवढ्यात विकली पण?"