माथ्यावरचा पगार

जावईबापूंनी त्या सकाळी खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. ते दाढी करत होते आणि सासऱ्यांनी सहज विचारलं, "सध्या पगार किती हो?" जावईबापूंनी पगारपत्रकाच्या तळाशी असतो तो आकडा सांगण्याऐवजी माथ्यावरचा सांगितला, एवढंच. "बेचाळीस हजार." (माथ्यावरही खरं तर चाळीसच होते. पण एकदा वर चढलोच आहोत, तर आणखी दोन पायऱ्या चढायला काय जातंय?)

इस्त्री करणाऱ्या बायकोनं नुसती एक भुवई उचलली आणि ती पुन्हा कॉलरीकडे वळली.

पाणीपुरवठा कार्यालयातला हा कारकून एक गोष्ट विसरला होता. पंधरवड्यासाठी लेकीकडे आलेले सासरे निवृत्त गणित-मास्तर होते. अशा माणसापुढे आकडा टाकणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवणं! दोन दिवस ते घरभर हिंडले. भाडं किती, दूध किती, नातवाची फी किती, हे लेकीला विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी, रविवारी जेवणं झाल्यावर, त्यांनी जावयाला बाहेरच्या खोलीत गाठलं.

"घरखर्च सव्वीस हजार. अगदी सढळ हातानं धरून. मग उरलेले सोळा हजार जातात कुठे?"

आता ते कुठेच जात नव्हते, कारण ते येतच नव्हते. भविष्यनिधी, कर, विमा आणि पतपेढीचा हप्ता यांनी आपापला लचका तोडल्यावर हातात सव्वीसच पडत.

"बचत!" जावईबापू म्हणाले.

"छान. पासबुक बघू."

"म्हणजे... करणार आहे."

सासऱ्यांचा चेहरा गंभीर झाला. "दारू?"

"छे हो, बाबा!"

"मग बाहेर कुणी...?"

"काहीतरीच काय! इथे एकाच संसाराचं भागत ना—" जावईबापूंनी जीभ चावली.

खरं सांगावं तर आब जाणार, न सांगावं तर अब्रू. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांनी डोळे मिटून विहिरीत उडी घेतली. "पत्ते, बाबा. मी पैसे लावून पत्ते खेळतो." (बदाम सातच्या पलीकडे त्यांची मजल कधी गेली नव्हती, आणि त्यातही पोरगं त्यांना हरवायचं.)

आता आपल्यावर वीज कोसळणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. सासरे उठले, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, दार हळूच लोटलं आणि जवळ येऊन कुजबुजले, "कुठे बसता?"

"अं?"

"अहो, अड्डा कुठे आहे? जन्मभर फळ्यावर संभाव्यता शिकवली. पत्त्यांची उदाहरणं देऊन! पण खरा डाव एकदा बघायला मिळेल तर शपथ. हिच्या आईचा धाक, दुसरं काय. आज मला न्याच."

संध्याकाळी सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, दारात तयार. पाकिटात पेन्शनमधले थोडे पैसे. "जरा पाय मोकळे करून येतो गं," असं त्यांनी लेकीला सांगितलं, तेसुद्धा जावयाला हळूच डोळा मारून!

जावईबापूंनी त्यांना बाजारातून नेलं, पुलावरून नेलं, पिठाच्या गिरणीमागच्या बोळातून पुन्हा बाजारात आणलं. "मंडळी जागा बदलतात," ते म्हणाले.

"बदलणारच! पोलीस असतात ना," सासरे उत्साहानं म्हणाले.

तीच पिठाची गिरणी पुन्हा आली तेव्हा मात्र जावईबापूंचे पाय आणि कल्पनाशक्ती, दोन्ही थकले. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसले आणि खिशातून घडी घातलेलं पगारपत्रक काढून त्यांनी सासऱ्यांच्या हातात ठेवलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. माथ्यापासून तळापर्यंत सगळं वाचलं. वजाबाकी तपासली. ती बरोबर होती.

"म्हणजे पत्ते नाहीत?"

"नाहीत."

"कधीतरी? सणासुदीला? मित्रांबरोबर?"

"नाही हो, बाबा. चुकलं माझं. पगार कमी आहे हे सांगायची लाज वाटली."

सासऱ्यांनी कागदाची नीट घडी केली आणि परत दिली. 

"पगाराचं काय एवढं! माझा तरी कुठे मोठा होता," ते खिन्नपणे म्हणाले. "पण इतक्या वर्षांत आज दुपारी पहिल्यांदाच मला वाटलं होतं, की पोरीनं माणूस बरा निवडलाय."