पाय बघणारे म्हादबामामा

सांगलीत माझा निभाव लागला तो म्हादबामामांमुळं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्या तऱ्हा सांगणार आहे आणि वाचणाऱ्याला हसू येणार आहे. खुशाल हसावं. मीही हसतो, पण ते समोर नसताना.

म्हादबामामा आमच्या सिनेमा थेटरचे डोअरकीपर. हा माणूस कुणाचं तोंड बघत नाही, पाय बघतो. दिवे गेले की टॉर्चचा उजेड जमिनीवर धरून दारात उभं राहायचं आणि आलेल्याला चालीवरून ओळखायचं, हा त्यांचा रिवाज. गावातल्या एका वकीलसाहेबांनी एकदा सकाळी व्याख्यान दिलं, सिनेमानं तरुण पिढी कशी नासते यावर. संध्याकाळी तेच वकीलसाहेब नाकापर्यंत मफलर गुंडाळून, खेळ सुरू झाल्यावर, हळूच आत शिरले. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "या वकीलसाहेब, जपून. पुढं पायरी हाय." सगळ्या थेटरनं माना वळवल्या. वकीलसाहेबांनी मफलर काढून घडी करून खिशात ठेवला. आता त्याचा उपयोग नव्हता, आणि उकडतही होतं.

मी माणदेशातला. वडील मेंढरं घेऊन फिरतात. मराठी पाचवी अर्ध्यात सोडून मी कामाच्या शोधात सांगलीला आलो आणि थेटरच्या दाराशी येऊन थबकलो. आत जायची छाती होईना. मामांनी माझ्या पायांकडं बघितलं. "मेंढरामागचा गडी दिसतोस. काट्यातनं चालल्यावानी पाऊल उचलून टाकतोस," असं म्हणून त्यांनी दंडाला धरून मला मॅनेजरपुढं उभं केलं. "सायेब, ह्याला ठेवा. हा कवा कुणाच्या पायावर पाय द्यायचा न्हाई." एवढ्या शिफारशीवर मला माडीवर, सिनेमा दाखवायच्या मशीनच्या खोलीत काम मिळालं. दत्तूमास्तर मशीन चालवणार, मी फिल्म उलटी गुंडाळून ठेवणार आणि तुटली तर जोडणार.

मामा तासगावकडचे. मागच्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला जाऊन आलेले. पायांचं वेड त्यांना परेडीवर लागलं असावं. सिनेमातल्या नटनट्यांनाही त्यांचा हाच कायदा. लोक नायकाच्या डोळ्यांवर जीव टाकायचे, तर मामा म्हणायचे, "डोळ्यात काय हाय? काजळ घातलं की म्हशीचं बी डोळं चांगलं दिसत्यात. चाल बघा." एका पौराणिक खेळातला राजा दरबारात आला. मामा पुटपुटले, "राजा म्हनं. ताक मागाय आल्यावानी चालतोय." एका नटीचं गाणं सांगलीभर गाजत होतं. डोक्यावर घागर, ओढ्याची वाट, असा देखावा. मामा म्हणाले, "घागर रिकामी हाय. भरल्या घागरीनं बाईचं पाऊल असं उडत न्हाई." शेजारच्या बाकावरच्या चार बायकांनी लगेच मान डोलावली, आणि ते गाणं आमच्या थेटरात तरी उतरणीला लागलं.

खलनायक मात्र त्यांना आवडायचा. "ह्यानं कवातरी नांगर धरलाय, गड्या. टाच बघ कशी रोवतोय. पोरगी ह्यालाच द्या म्हनावं."

त्या साली एका नायकाची साथच आली होती. कपाळावर केसांची बट, मान वाकडी, आणि एक पाय ओढत चालायचं. सांगलीतली निम्मी पोरं तशी चालू लागली. मामा त्यांना दारात अडवायचे. "मागं जा. नीट चालत ये. मग तिकीट फाडतो." पोरं चडफडत परत जायची आणि शिपायासारखी चालत यायची. आत गेली की पुन्हा पाय ओढायची.

शेवटी मामांनी त्या नायकालाच पत्र घातलं. लिहिणारा मी. मजकूर असा होता: 'आपणांस दंडवत. आपला आवाज बरा आहे. परंतु डावा पाय ओढू नये. तरणी पोरं बिघडतात. महिनाभर उसाच्या सरीतनं चालावं, म्हणजे पाय सुधारेल.' दीड महिन्यानं मुंबईहून जाड पाकीट आलं. आत नायकाचा हसरा फोटो, खाली झोकदार सही. मामांनी फोटो सुलटा बघितला, उलटा बघितला. "आरं, हा कमरेपतुरच हाय. पाय कुठं हायत ह्याचं? मी लिवलं कशाबद्दल, आन् ह्यानं पाठिवलं काय?"

पण त्यांची एक तऱ्हा कुणालाच उमगत नव्हती. ही दुसरी लढाई तेव्हाही चालू होती, आजही आहे. खेळाआधी सरकारी हुकमानं लढाईच्या बातम्यांची फिल्म दाखवावी लागे. लोक त्या वेळात बाहेर विड्या ओढायचे. मामा मात्र तेवढा वेळ दार सोडून पडद्यापाशी जायचे आणि ताठ उभे राहायचे. कुणी बोललं तर खेकसायचे. लोक म्हणायचे, "म्हादबाला गोऱ्या सायबाचा लय पुळका."

अशाच एका बातमीत वाळवंटातून आपली पलटण चालली होती. चेहरे सुपारीएवढे, धूळ दाट. तो आठवडाभर मामा खुशीत होते. उशिरा येणाऱ्यालाही, "या, बसा की," म्हणत.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या खेळात ती फिल्म नेमकी तिथंच फाटली. मास्तर म्हणाले, "फाटलेलं दोन बोटं काप आणि जोड." माझा स्वभाव भित्रा. फिल्म पुन्हा अडकली तर मशीनमध्ये पेट घेते, हे ऐकून होतो. फिल्मच्या कडेची, मशीनचे दाते अडकतात ती सगळीच भोकं मला फाटल्यासारखी दिसायला लागली. दोन बोटांच्या जागी मी दहा हात कापलं, गुंडाळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि निर्धास्त झालो.

संध्याकाळच्या खेळात पलटण आली आणि एकदम पुढच्या बातमीतलं जहाजच आलं. अंधारातून मामांचा आवाज आला, "आरं, गेला कुठं?"

त्या आवाजानं मॅनेजर धावत वर आले. जोड बघितला. "सरकारी फिल्म कापलीस? उद्या वर कळलं तर थेटर बंद होईल. गाठोडं उचल आणि चालू लाग." गावी कोणत्या तोंडानं जाऊ, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मामा जिना चढून दारात आले होते. माझ्या पायांकडं बघत होते.

"सायेब, त्याला बोलू नका," मामा म्हणाले. "मीच काप म्हनलं."

"तुम्ही? कशाला?"

मामांनी झरोक्यातून पडद्याकडं बोट दाखवलं. "माझा ल्योक शंकर हाय त्यात, त्यो जवळ ठेवावा म्हनलं. तिसऱ्या रांगेत, कडंचा. डावा पाय आत टाकतोय. ल्हानपणी गाडीवरनं पडला हुता. भरतीतल्या डागदरनं छातीच बघितली, म्हणून पास झाला." मग खाली बघून म्हणाले, "सा महिनं झालं, कागुद न्हाई त्याचा."

मामांच्या घरात दुसरं कुणी नाही आणि मुलगा लढाईवर आहे, हे थेटरात एकालाही ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी ते सगळ्यांसमोर उघडं केलं, तेही खोटं बोलून.

मॅनेजर नरमले, पण शिक्षा केल्याशिवाय त्यांना राहवेना. माझी नोकरी राहिली. मामांना दारावरून काढून बाहेर सायकली सांभाळायला बसवलं. तिथून पडदा दिसत नाही.

फिल्म सकाळच्या गाडीनं पुढच्या गावी गेली. कचऱ्याच्या डब्यातली गुंडाळी घेऊन मी दुपारी मामांकडं गेलो. त्यांनी ती उन्हाकडं धरली. बराच वेळ बघितली, इंच इंच सरकवून.

"वळखू येईना रं," ते म्हणाले. "समदे उभंच हायत."

"मामा, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. भ्यालेल्या माणसाचा हात जास्तीच कापतोय." त्यांनी गुंडाळी पुन्हा माझ्या हातात दिली. "तूच ठेव. माझ्यापाशी त्यो नुसता उभा ऱ्हाईल. तू मशीनवाला हायस."

आता ते सायकलींपाशी बसून चाकांवर मतं देतात. पोस्टमन कोपऱ्यावर वळला की त्याच्या चालीवरूनच त्यांना कळतं, पत्र नाही.

गुंडाळी मी पत्र्याच्या डबीत जपून ठेवली आहे. मास्तर म्हणतात, मशीनवर हात बसायला अजून वर्ष दीड वर्ष लागेल. लागू दे. ज्या दिवशी मशीन माझ्या हाती येईल, त्या दिवशी दुपारी, थेटर रिकामं असताना, मामांना पहिल्या वर्गाच्या गादीच्या खुर्चीवर बसवीन आणि ते दहा हात चालवीन. ते पुरे म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवीन. तोवर शंकर आला, तर त्याला शेजारच्या खुर्चीत बसवीन. पण आधी दारापासून खुर्चीपर्यंत मामांसमोर चालत यायला लावीन.